गोंडराजाचं निशाण आणि शकूची गोधडी

मालगुजारी गेली तेव्हा गोंडपिपरीकडच्या गुणवंतरावांचं गाव गेलं, कचेरी गेली, दारातले रामराम गेले. गेला नाही तो रुबाब. आता तो ठेवायचा कुठे? म्हणून त्यांनी लढाईतून उरलेली दवाखान्याची एक मोटार लिलावात उचलली. आत दोन बाजा, स्टोव्ह, पिकदाणी आणि खिडक्यांना पत्नी भागीरथाबाईंनी कशिदा काढलेले पडदे. "हा आपला फिरता वाडा," असं ते भेटेल त्याला ऐकवत. बाजूचा लाल क्रॉस मात्र कितीही रंग फासला तरी पुन्हा वर येई.

निघाले होते धानोऱ्याला. तिथे लेक शकूचे दिवस भरत आले होते. तिची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून या खेपेला भागीरथाबाईंनी मागून आणलेल्या जुनेराची गोधडी शिवायला घेतली होती. त्यांच्या माहेरची रीतच तशी. लेकरं जगत नसतील तर पुढच्या बाळाची गोधडी नव्या कापडाची करायची नाही, विकतच्या तर नाहीच नाही. ज्यांची लेकरं नांदताहेत त्यांच्या दारी जाऊन फडकी मागायची. आणि त्यातलं एक लेकीच्या बापानं स्वतः हात पसरून आणायचं.

"मी हात पसरू?" गुणवंतराव कडाडले. "या मुलखात लोक माह्यासमोर वाहणा हातात घेऊन चालत! त्यापरीस नागपूरची गादी घेऊन देतो."

"गादी नाई लागत जी. फडकं लागते."

"पाहू. आधी किल्ले पाहू."

मग काय, किल्लेच किल्ले! पडकी भिंत दिसली की मोटार थांबायची आणि काठी उगारून गुणवंतराव ड्रायव्हर लटारूला इतिहास सांगायचे. लटारू बिचारा उघड्या डोळ्यांनी झोप काढायचा. गावात मोटार शिरली की वेगळीच तऱ्हा. तो लाल क्रॉस पाहून बाया ओरडत, "देवी टोचणारे आले वो!" आणि पोरं क्षणात गडप होत. भागीरथाबाई शहाण्या. मोटार वेशीबाहेर उभी करायला लावून त्या पायी जात, लुगड्याचा पदर, धोतराचा तुकडा असं काहीबाही मागून आणत आणि हिसके खाणाऱ्या मोटारीत टाके घालत बसत.

बल्लारपूरच्या किल्ल्याशी गुणवंतरावांना घबाड सापडलं. रुखमाबाई नावाच्या म्हातारीनं भिंतीवर एक जुनं फडकं वाळत घातलं होतं आणि त्यावर टाचून काढलेलं एक जनावर होतं.

"हत्तीवर सिंह! अरे, हे तर गोंडराजाचं निशाण!"

"भाऊ, ते माह्या लेकराईचं..."

"तुमाले काय समजते बाई!" म्हणत त्यांनी तिच्या हातात नोटा कोंबल्या. रुखमाबाईनं नोटांकडे पाहिलं, या शहाण्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. फुकटचं ज्ञान ती काऊन देईल?

त्या दिवसापासून गुणवंतरावांचे पाय जमिनीला लागेनात. गडचिरोलीच्या शाळेत त्यांनी मास्तर लोकांना बसवून व्याख्यान झोडलं. एकानं विचारलं, "साहेब, हा पिवळा डाग कशाचा?"

"तोफेची दारू!" गुणवंतराव गरजले. टाळ्या पडल्या.

धानोरा थोडं राहिलं तेव्हा एका टोल्याजवळ, चार घरांच्या वस्तीशी, त्यांनी मुक्काम केला. सकाळी उठून पाहतात तर निशाण गायब! ते होतं भागीरथाबाईंच्या मांडीवर, गोधडीत अर्धं शिवलेलं.

"अवो शकूची माय, हे काय करून राह्यली तू? उसव! आत्ताच्या आत्ता उसव!"

भागीरथाबाईंचा चेहरा फुललेला होता. "किती बरं वाटलं जी मले. शेवटी तुमी मागून आणलंच. तुमी तिच्याकडे जायच्या आधीच रुखमाबाई मले विहिरीवर भेटली होती. तिचे सारे लेकरं याच्यावर वाढले, सारे जिते हायेत. हा बैल तिनंच टाचला."

"बैल? आणि हत्ती?"

"ते ठिगळ होय."

गुणवंतरावांची मिशी खाली आली. "मागून नाई आणलं," ते पुटपुटले. "मी नोटा देल्ल्या."

 बाई कात्री घेऊन एकेक टाका उसवू लागल्या. टाके दिसेनात इतके डोळे भरले होते.

"आता काऊन उसवते?"

"विकतचं चालत नाई. मी सारं केलं जी. बापाचं तेवढं राह्यलं."

गुणवंतरावांना शकूच्या दुसऱ्या खेपेचं आठवलं. नदीकाठी पुरायला ते चिमुकलं गाठोडं त्यांनीच नेलं होतं. गुंडाळलेलं कापड नवंकोरं, दुकानातलं, त्यांनीच मोठ्या हौसेनं बाळासाठी घेतलेलं.  ते उठले.

पण सवय कुठे जाते? टोल्यात गेले ते मोटारीतूनच, भोंगा वाजवत. झालं! पहिल्या घरी, "लेकरं नाईत जी." दुसऱ्या घरी, "नाईत." अंगणोअंगणी विटीदांडू पडलेले, राखेत चिमुकली पावलं उमटलेली आणि साऱ्या टोल्यात म्हणे एक मूल नाही! शेवटच्या घरी सोमारी नावाची बाई दार अडवून उभी होती. आत धान्याच्या ढोलीमागे कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी त्याला दाबलं.

"लेकरं नाईत," सोमारी म्हणाली.

गुणवंतरावांनी पागोटं काढून काखेत धरलं. "नको दाखवू बाई. लपवूनच ठेव. सारेच्या सारे राहू दे तुह्ये. मी टोचणारा नाई. माह्या लेकीचे दोन गेले, तिसरं येऊन राह्यलं. तुह्या लेकराच्या अंगाखालचं एक फडकं दे मले."

त्यांनी उपरणं पसरलं. हात सवयीनं खिशाकडे गेला, तो त्यांनी अर्ध्यातूनच मागे घेतला.

सोमारी दारातून बाजूला झाली. मग आत गेली आणि एक फडकं आणून उपरण्यात टाकलं. "वलं हाये जी. पोरानं आत्ताच खराब केलं."

मोटारीशी लटारूनं वाकून पाहिलं. चेहरा अगदी गंभीर. "मालक, हा डाग? तोफेची दारू काय?"

"मूत हाये रे," गुणवंतराव म्हणाले. "जित्या लेकराचं मूत हाये." आणि ते फडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून, मोटारीत न बसता, ते भागीरथाबाईंकडे पायीच निघाले.