खोडलेलं नाव

"विम्याचे पेशंट घेता का तुम्ही?" लिफ्टवाले काका फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले. "अहो, सरकारी विमा. म्हाताऱ्या माणसांचा."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. काकांनी फोन ठेवला, यादीतल्या एकेचाळिसाव्या नावाखाली पट्टी धरली आणि नावावरून लाल पेन्सिलीनं सरळ रेघ ओढली.

"गेला अजून एक?" खिडकीतल्या मॅडमनी विचारलं.

"गेला. डोळ्याच्या पडद्याचा होता. गावात तेवढा एकच."

"बासष्ट नावांची यादी होती, काका. पार चिपाड केलंत तिचं."

"सतरा राहिलीत. पण सतराच्या सतरा खरी आहेत."

विमा कार्यालयाच्या व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी काकांचं टेबल होतं. पगार नव्हता. तेहतीस वर्षं त्यांनी मोठ्या दवाखान्यात लिफ्ट चालवली. अक्षरं शिकले तीही चाळिशीत, त्या लिफ्टमध्येच. दार उघडलं की समोर पाटी दिसायची. लोक म्हणायचे हाडांचा मजला, काका पाटीकडे बघून एकेक अक्षर जुळवायचे. त्याआधी त्यांना कुणीही कागद दाखवावा आणि काहीही सांगावं. त्यामुळे कागदावर त्यांचा विश्वास होता आणि नव्हताही.

निवृत्त झाल्यावर बायकोच्या कार्डासाठी या कार्यालयात आले, तर खिडकीपाशी म्हातारी माणसं यादी हातात धरून नुसती उभी. कोणता डॉक्टर कशाचा, जायचं कसं, कुणाला काही कळत नव्हतं. काका त्यांना वाचून दाखवू लागले. साहेबांनी टेबल दिलं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी एका दम लागणाऱ्या माणसाला छातीच्या डॉक्टरचा पत्ता दिला. तो माणूस तीन जिने चढला. वर कुलूप होतं. डॉक्टर वारून दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी तो परत आला, भांडला नाही. यादी टेबलावर ठेवून म्हणाला, "देण्याआधी विचारून बघत जा हो."

तेव्हापासून दर सोमवारी काका फोन करायचे. विचारल्याशिवाय नाव द्यायचं नाही. नाही म्हणाले की रेघ. पट्टी लावून, कारण वाकडी रेघ मारली की शेजारचं नाव झाकतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी दोघी जावा आल्या. थोरली सत्तरीची. शाळेच्या गणवेशांचं शिवण करायची. तिचा हात धाकटीनं धरला होता.

"जाऊबाई, पायरी आहे."

"पायरी दिसते मला. एकाच डोळ्यानं दिसत नाही, आंधळी नाही झाले अजून."

"मग माझ्या पायावर पाय कशाला दिलात?"

"तुझा पाय सगळीकडेच असतो."

काकांनी खुर्ची पुढे सरकवली. थोरलीनं आरोग्य केंद्रातली चिठ्ठी पुढे केली. परवापासून उजव्या डोळ्यावर खालून सावली चढत होती. चिठ्ठीत लिहिलं होतं : पडदा सुटतो आहे, तज्ज्ञाला लगेच दाखवा. 'लगेच'खाली दोन रेघा होत्या.

काकांनी यादी उघडली. पडद्याचे डॉक्टर दोनच. एक जिल्ह्याच्या शहरात, बसनं चार तास. त्यांनी तिथं फोन लावला. नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली.

"नऊ दिवस?" धाकटी म्हणाली. "चिठ्ठीत लगेच लिहिलंय."

"मी तेच सांगितलं त्यांना. त्याच्या आत नाही म्हणतात."

थोरली डावा डोळा यादीजवळ नेऊन बघत होती. "हे काय खोडलंय? हा तर बस स्टँडमागचा. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर."

"ते विम्याचं घेत नाहीत आता. सोमवारीच विचारलंय मी."

"जाऊन बघू का एकदा? वाटेतच आहे."

"बाई, मी स्वतःच्या कानानं ऐकलंय. उगाच हेलपाटा कशाला? अशा डोळ्यानं गर्दीत धक्का लागला तर अजून भलतंच व्हायचं. घरी पडून राहा, नऊ दिवस डोळा जपा."

थोरलीनं मान डोलावली. "तुम्ही विचारलंय म्हटल्यावर झालं."

दोघी बस स्टँडवरूनच घरी गेल्या असणार. दुसरा रस्ता नव्हता.

तीन आठवड्यांनी थोरली शिक्का घ्यायला खिडकीशी आली. काम झाल्यावर मुद्दाम टेबलापाशी आली. उजवा डोळा उघडा होता, पण बघत नव्हता.

"उशीर झाला म्हणाले. आठवडाभर आधी आणलं असतं तर चिकटवता आला असता," ती म्हणाली. "पण तुम्ही होतात म्हणून तिथवर तरी पोचले. नाहीतर आम्हाला कोण विचारतंय?"

"दुसरा जपा," काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं. तेवढंच. अशा बातम्या टेबलावर रोज यायच्या.

मग सोमवारी जुना पोस्टमन आला. डोळ्यावर पट्टी, चेहऱ्यावर हसू. पंधरा दिवसांपूर्वी काकांनी त्यालाही शहरातलंच नाव दिलं होतं.

"काका, ती एकेचाळीस नंबरची रेघ पुसा."

"का?"

"घेतलं मला त्यांनी. तुमच्याच विम्यावर. परवा ऑपरेशन झालं."

"मी फोन केला होता."

"मीपण केला. मलाही नाही म्हणाले. पण मी जन्मभर लोकांची दारं वाजवलीत, फोनवर कशाला विश्वास ठेवू? सकाळी सातला जाऊन उभा राहिलो. रोज चार जणांना घेतात. चार झाले की बंद."

पोस्टमन निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते बस स्टँडमागच्या दवाखान्याच्या दारात उभे होते. पुढे दोन म्हातारे, मागे एक बाई. सातला एका पोरसवदा मुलीनं दार उघडलं आणि विम्याची कार्डं बघून बिल्ले वाटले. तिसरा काकांच्या हातात आला.

"मला नको," काका म्हणाले. "फक्त विचारायचंय. महिन्यापूर्वी फोन केला तेव्हा विम्याचं बंद म्हणालात."

"फोनवर नाहीच म्हणायचं असतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"का?"

"सरकारकडून पैसे वर्षभर येत नाहीत, आजोबा. हो म्हटलं तर अख्खा तालुका दारात येईल." ती रजिस्टर उघडत होती, आवाजात राग नव्हता. "आणि ज्याला खरंच दिसत नाही, तो येतोच की."

"एखादा आत्ताच, परवापासून पडदा सुटलेला आला असता तर?"

"तर त्याला रांगेतही उभं करत नाहीत. थेट आत." तिनं वर बघितलं. "कोण होतं?"

काकांनी बिल्ला परत दिला.

कार्यालयात त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब हसले. "म्हणून म्हणत होतो, छापील यादी आहे तशी द्या. चूक झाली तर सरकारची. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हुशारी करायला?"

काकांनी यादी पुढे ओढली. पंचेचाळीस रेघा होत्या, सगळ्या सरळ. त्यांतल्या किती दारांत माणसं घेत होते, हे आता एकेका दारात उभं राहिल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि त्या रेघा बघून किती जण परत फिरले, ते तसंही कळणार नव्हतं.

दुपारी ते जावांच्या घरी गेले. एकच खोली, खिडकीशी मशीन, भिंतीला निळ्या शर्टांचा ढीग. थोरली मशीनवर होती. धाकटी खाली बसून बटणं लावत होती.

काकांनी उभ्यानंच सांगितलं. पोस्टमनचं, बिल्ल्यांचं, मुलीचं. काही गाळलं नाही. "तुम्ही जाऊन बघते म्हणाला होतात. मी नको म्हटलं."

मशीन थांबलं.

धाकटीच्या हातातली सुई तशीच राहिली. "दहा मिनिटं," ती म्हणाली. "रोज त्या दारावरून भाजी आणते मी. नऊ दिवस आणली. आणि आता हे सांगायला आलात? कुणाचं बरं व्हायचंय त्यानं? तुमचंच ना?"

"गप गं," थोरली म्हणाली. तिनं काकांकडे बघायला मान जरा जास्तच वळवली. "ते नाव पुन्हा लिहिलंत का यादीत?"

"लिहिलं. सातला जा म्हणूनही लिहिलं."

"बरं."

तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. कॉलरची शिलाई खडूच्या खुणेवरून निघाली, मध्येच बाहेर सरकली आणि तशीच टोकापर्यंत गेली. तिनं दोरा तोडला, शिलाईवरून बोट फिरवलं. बोटाला कळलं. शेजारच्या ढिगात तशा सात-आठ कॉलरी आधीच बाजूला टाकलेल्या होत्या.

"घाई आहे का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग उभे राहू नका." तिनं ब्लेडचा अर्धा तुकडा आणि ती कॉलर त्यांच्यापुढे धरली. "एवढ्या उसवून द्या. कापड कापू नका, फक्त टाका."

काका धाकटीच्या समोर जमिनीवर बसले. चष्मा पुसून घातला, कॉलर उजेडाकडे धरली आणि पहिला टाका शोधू लागले.