डेकवर मी खिशात होतो

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. शेंगदाण्याएवढा माझा जीव. डाव्या कानामागे बसतो, एक बारीक नळी कानात सोडतो आणि बाहेरचा आवाज मोठा करून आत पोचवतो. मला बोलता येत नाही, फक्त शिट्टी मारता येते. आणि गंमत बघा, ती शिट्टी नेमकी माझ्या मालकालाच ऐकू जात नाही. पण हसू नका. पुढे जे घडलं ते हसण्यासारखं नाही.

माझे मालक थॉमस आजोबा मूळचे वसईचे. बत्तीस वर्षं ते मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये फिटर होते. तिथल्या धडधडाटानं त्यांचे कान गेले. उजवा पार गेला, डावा थोडासा उरला. इंजिनरूममध्ये कुणालाच कुणाचं ऐकू जात नसे. साहेब काही ओरडला की मान हलवायची, ‘हो हो’ म्हणायचं आणि अंदाजानं कामाला लागायचं. पुढे नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. कॅनडात मिसिसागाला मुलांकडे राहायला आल्यावरही आजोबा सगळ्यांना ‘हो हो’ म्हणत. त्यांची बायको आन्ना आजी वैतागायची. “अहो, नंदीबैलासारखी मान काय हलवता? मी काय विचारलं ते तरी सांगा!”

शेवटी त्यांच्या मुलीनं, ग्लेन्डानं, त्यांना कानाच्या क्लिनिकात नेलं. तिथं कानात मऊ लगदा भरून साचा घेतला आणि आठवड्याभरानं मी त्यांच्या कानात गेलो. काय सांगू त्या दिवसाचं कौतुक! “अरे, हा फ्रिज एवढी घरघर करतो?” असं आजोबा म्हणाले आणि सगळं घर हसलं. बर्फावर पाय ठेवला की कुरकुर असा आवाज येतो, हेही त्यांना त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कळलं. आजीनं मला मऊ फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, “देवासारखा आलास रे बाबा.” मला फार बरं वाटलं होतं.

पण कौतुक चार दिवसांचं असतं. आजोबांना माझी लाज वाटू लागली. चर्चमध्ये, पार्टीत कुणी येताना दिसलं की ते मला हळूच काढून शर्टाच्या खिशात टाकत. बंदही करत नसत. खिशात दबलो की मी शिट्टी मारू लागे. आजोबांना त्याचा पत्ता नसे. मग आजी त्यांना कोपरानं ढोसायची. “अहो, खिसा वाजतोय तुमचा!” आजोबा ओशाळून मला पुन्हा कानात घालत. अशी आमची तिघांची कसरत चालायची.

गेल्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. ग्लेन्डा आणि तिचा भाऊ जस्टिन यांनी विचारलं, “काय गिफ्ट देऊ?” आजोबांनी या वेळी नीट ऐकलं आणि लगेच उत्तर दिलं. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवरून त्यांची बोट कितीदा गेली होती, पण ते तळाशी, तेलाच्या वासात. किनारा म्हणून कधी दिसला नव्हता. “एकदा वरून बघायचंय,” ते म्हणाले. “आन्नाला घेऊन.”

जूनमध्ये आम्ही डब्लिनहून क्रूझच्या बोटीवर चढलो. दहा दिवसांची सफर. खरं सांगू? मला ती जागा उदास वाटली. आभाळ राखाडी, पाणी राखाडी, उन्हाचं दर्शन क्वचित. पण आजोबा लहान मुलासारखे खूश होते. जेवणात फिका मासा आला की आजी पर्समधल्या डबीतून त्यावर घरचा तिखट बाटली मसाला भुरभुरायची आणि इकडेतिकडे बघून डबी झटकन आत टाकायची. स्वतः मात्र दोन घास खाऊन ताट सरकवायची. आजोबा म्हणायचे, “बोट लागलीय तुला. होईल सवय.”

एका छोट्या बेटावर उतरलो, तर वाटेच्या कडेला दगडी क्रूस उभा होता. खूप जुना, शेवाळलेला. आजी तिथं थबकली. गावी मे महिन्यात क्रुसापाशी सगळी आळी जमून प्रार्थना करते, त्याची तिला आठवण झाली. तिनं रानातली पिवळी फुलं तोडून क्रुसाच्या पायाशी ठेवली आणि डोळे मिटून पुटपुटली, “देवा, मला बोलायचं बळ दे.” मी ते ऐकलं. आजोबा फोटो काढण्यात गुंग होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट उंच कड्यांजवळून चालली होती. कड्यांवर हजारो पक्षी बसले होते. आम्ही डेकवर गेलो. वारा असा की उभं राहवेना. वाऱ्यात माझ्यातून नुसती गर्जना निघते, डोकं उठतं माणसाचं. आजोबांनी मला काढून रेनकोटाच्या खिशात ठेवलं आणि टूक, म्हणजे इथली ती लोकरीची टोपी, कानाखालपर्यंत ओढून घेतली. आजी तेव्हा शाल सावरत होती. मी कानात नाही, हे तिला दिसलं नाही.

थोड्या वेळानं ती त्यांच्या डाव्या बाजूला आली. नेहमी तिथंच उभी राहायची, त्यांना ऐकू यावं म्हणून. टोपीजवळ तोंड नेऊन, पण समुद्राकडे बघत ती बोलू लागली.

“अहो, एप्रिलमध्ये मी डॉक्टर यामिनींकडे गेले ना, ते गुडघ्यासाठी नव्हतं. पोटात गाठ निघालीय. कॅन्सर आहे. ऑपरेशन करायचं, मग किमो घ्यायची म्हणतात. पूर्ण बरी होईन असं नाही, पण आणखी वेळ मिळेल. मला ते नको वाटतं हो. मुलांना सांगितलं तर ती मला ओढत नेतील, म्हणून आधी तुम्हाला विचारते. तुम्ही कर म्हणालात तर करीन मी. तुमच्यासाठी करीन. नाही केलं तर चालेल तुम्हाला?”

मी खिशातून शिट्टी मारली, मित्रांनो. जीव तोडून मारली. घरात असतो तर आजीनं लगेच म्हटलं असतं, ‘खिसा वाजतोय तुमचा!’ पण त्या वाऱ्यात तिला काही ऐकू गेलं नाही. आणि आजोबा कड्यावरचे पक्षी बघत होते. शेजारी बायको काहीतरी बोलतेय एवढं त्यांना जाणवलं. त्यांनी मान हलवली.

“हो, हो,” ते म्हणाले.

आजीनं मोठा श्वास सोडला. “मग आता हा विषय पुन्हा नको. उरलेले दिवस हसत काढू.”

“हो, हो.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. समुद्र बघून तिला भरून आलं, असं आजोबांना वाटलं. रुमालासाठी त्यांनी खिशात हात घातला. त्यांची बोटं मला लागली. त्यांनी रुमाल काढला आणि मला तिथंच ठेवलं. “बघ, म्हटलं नव्हतं तुला?” ते म्हणाले. “वरून किती छान दिसतं!”

जेवणाच्या वेळी मी पुन्हा कानात होतो. पण आजी आता दुसरंच बोलत होती. नातवंडांच्या गमती, बोटीवरचा फिका मासा. ती खूप हसली त्या संध्याकाळी. मला ते हसणं ऐकवेना, पण माझं काम ऐकवण्याचं, मी ऐकवत राहिलो.

थंडी सुरू झाली तशी आजी खचत गेली. नोव्हेंबरात तिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा कॅन्सर हा शब्द आजोबांनी पहिल्यांदा ऐकला, माझ्यातूनच ऐकला. ते डॉक्टरांवर भडकले. “इतके दिवस झोपला होता का तुम्ही?” मुलं त्यांना शांत करत राहिली. बाप दुःखानं असं बोलतोय, असं मुलांना वाटलं. जानेवारीत आजी गेली. जमीन बर्फानं टणक झाली होती. कबरीवर माती पडली तो आवाज मी पोचवला. असा आवाज मला कधीच पोचवायचा नव्हता.

आजीला जाऊन महिना झाला, त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सानंतर, तिच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर, घरी चहा चालला होता. आजोबा पुन्हा डॉक्टरांना बोलू लागले. तेव्हा ग्लेन्डानं कप खाली ठेवला.

“डॅडी, असं का बोलता? तुम्हाला माहीत होतं ना! आईनं ट्रीपवरून आल्यावर आम्हाला सांगितलं. बोटीवर डॅडींना विचारलंय, त्यांनी हो म्हटलंय, आता त्यांच्यापुढे विषय काढायचा नाही. म्हणून मी गप्प बसले. मी तिला फोर्स करायला हवं होतं का? रोज हाच विचार येतो.” तिचा आवाज फुटला. “तुम्ही खरंच हो म्हणाला होता ना? प्लीज, टेल मी.”

मी कानात होतो. सकाळीच नवा सेल घातला होता. एक शब्दही सुटला नाही. आजोबांचा हात नकळत खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. डेक, वारा, आजीचे डोळे, सगळं त्यांना त्या क्षणी उमगलं. ‘नाही’ म्हटलं असतं तर ग्लेन्डा जन्मभर स्वतःला खात राहिली असती.

आजोबांनी मान हलवली.

“हो, हो,” ते म्हणाले. “मी हो म्हटलं होतं.”

ग्लेन्डा त्यांच्या गळ्यात पडून रडली. खरं काय ते तिला माहीत नाही. आजोबांना माहीत आहे, आणि मला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा. आम्हाला पुसा, सेल बदला, आमची लाज बाळगू नका. आणि ऐकू आलं नाही तर मान हलवू नका. ‘परत सांग’ एवढंच म्हणा. समोरचा वैतागला तर वैतागू दे.

आजोबा आता मला आंघोळीपुरतंच काढतात. झोपतानाही मी कानातच असतो. ग्लेन्डा रागावते, “डॅडी, मशीन खराब होईल. रात्री काढून ठेवाल ना?” ते सगळं नीट ऐकून घेतात. पण त्यावर ‘हो’ म्हणत नाहीत.