थंड बोटांचा लेखक

मित्रांनो, लंडनमधल्या एका कपाटात, जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्याखाली दडपलेला मी एक टाइपरायटर आहे.

१९११ साली लायोनेल टॅपस्कॉट या तरुण नाटककाराने मला विकत घेतले. त्यांचे पहिले नाटक माझ्यावरच उतरले. पहिल्याच प्रयोगात नायिका निरोपाचे बोलू लागली आणि प्रेक्षकांनी हसून हुर्यो उडवली. त्या दिवसापासून लायोनेलनी नाटकाची धास्तीच घेतली.

ते मूकपटांच्या कथा लिहू लागले. तिथे कोणी बोलत नसे, म्हणून त्यांना धीर आला. “कथा लिहावी तर टॅपस्कॉटने,” असे लोक म्हणत. मलाही रोज तेलपाणी मिळे.

मग १९२९ साली बोलपट आले. निर्माते ग्रिमवुड घरी आले.

“टॅपस्कॉट, आता पात्रं बोलणार. तीन आठवड्यांत संवाद द्या.”

“मला नाही जमायचं.”

“मग ज्याला जमेल त्याला देतो. तुमच्यासाठी पडदा काही मुका राहणार नाही.”

रोज सकाळी लायोनेल माझ्यासमोर बसत. त्यांची बोटे बर्फासारखी गार असत. बटणांवर ती टेकत, पण एकही अक्षर उमटत नसे. यांनी लेखणी टाकली तर माझे काय होणार?

चौथ्या दिवशी त्यांनी राजीनामा लिहिला. थोरली बहीण हेस्टर चहा घेऊन आली. माझ्या रुळावरचा कागद तिने वाचला.

“लायोनेल, छान लिहिलंयस. अगदी बोलल्यासारखं.”

“थट्टा करू नकोस.”

“थट्टा कसली? तुझ्या गोष्टीतला कारकून नोकरी सोडतो ना? त्याला हेच बोलू दे. तू लिही, मी मोठ्यानं वाचते.”

हेस्टर वाचत गेली. भीत भीत ते लिहीत गेले.

पहिल्या खेळाच्या दुपारी लायोनेल अंगात कोट चढवून बसले, पण उंबरठा काही ओलांडला नाही. हेस्टर एकटी गेली. पाचला परतली.

“लोक हसले?” त्यांनी विचारले.

“हसले.”

लायोनेल पांढरेफटक पडले.

“अरे, हसायचं तिथंच हसले. कारकुनाच्या निरोपाला मला खोकला आला, तर शेजारीण म्हणाली, ‘बाई, गप्प बसा, ऐकू द्या की.’”

लायोनेलनी तोंड ओंजळीत झाकले. पुढे त्यांनी नऊ बोलपट लिहिले. भीती मात्र कधीच गेली नाही; प्रत्येक पहिल्या पानाला बोटे तशीच गार असत.

आता ते दोघेही नाहीत. माझी फीत वाळली आहे, दांड्या गंजल्या आहेत. गेल्या मंगळवारी भंगारवाला मला उचलून वजनाचा अंदाज घेऊन गेला. तो पुन्हा येणार आहे.

मित्रांनो, घाबरलेल्या माणसाला भित्रा म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे पहिले वाक्य ऐका. आणि जमले तर या कपाटाचे दार उघडा. मला फार भीती वाटते आहे.