चाचणीचा संच

गुरुदास पुण्याच्या एका कारखान्यात बिघडलेले वायरलेस संच दुरुस्त करायचा. वेंगुर्ल्याहून डिप्लोमा करून आलेला हा मुलगा पाच वर्षं एकाच टेबलावर बसून होता, आणि परत आलेला प्रत्येक संच उघडताना त्याच्या मनात तोच विचार येई: लोक हे बिघडवत नाहीत, आपणच चुकीचे बनवतो. एकदा त्याने हे मालकांना, परचुरेसाहेबांना, सरळ सांगून टाकलं.

साहेब रागावले नाहीत. मच्छीमारांसाठी एक छोटा संच त्यांना बाजारात आणायचा होता. "प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून एक नवी जागा काढतोय," ते म्हणाले. "कुणासाठी काय बनवायचं, हे ठरवणारा माणूस हवाय. इंजिनीयर पुष्कळ अर्ज करतील. तुम्ही किनाऱ्यावरचे आहात. तिकडे चाचणी घ्या. नीट झाली तर जागा तुमची."

गुरुदासने दोन संच मालवणजवळच्या तोंडवलीला नेले. त्याची थोरली बहीण नर्मदा तिथे दिलेली होती. एक संच तिच्या घरात ठेवला, दुसरा तिच्या नवऱ्याच्या, बाबलीच्या होडीवर. पहिल्याच दिवशी खोल पाण्यातून बाबलीचा आवाज ओटीवर आला, "गो, भात शिजव, येतंय," आणि नर्मदा हसत सुटली. वाडीतली माणसं ऐकायला गोळा झाली.

आठवडाभराने गुरुदासने होडीवरचा संच उघडून पाहिला. बॅटरीच्या खणात खारं पाणी शिरून तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या; अशाने संच कधीही बंद पडू शकतो. त्याने त्या घासून साफ केल्या आणि मालवणला जाऊन पुण्याला ट्रंक कॉल लावला.

"झाकणाला रबर लागेल, साहेब."

"लावू. पुढच्या खेपेला. आत्ता साचा बदलायचा म्हणजे हंगाम गेला," परचुरे म्हणाले. "महिना पुरा करा. चाचणी अर्धवट राहिली, तर मी तुमच्यासाठी काय बोलणार?"

परत आल्यावर गुरुदास बाबलीला एवढंच म्हणाला, "भावोजी, हो संच प्लास्टिकच्या पिशयेत ठेवा. भिजवू नका."

"पिशयेतसून आवाज घुमता रे," बाबली म्हणाला. "पण बरा, ठेवतंय."

पट्ट्यांचं त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबलीने संच उतरवून ठेवला असता, आणि चाचणी तिथेच संपली असती.

दिवाळी झाल्यावर वारा फिरला. त्या दिवशी होडीवर बाबली आणि त्याच्या सोबतीला धोंडू, असे दोघेच होते. संध्याकाळी नर्मदा संचाजवळ बसून होती. नुसती खरखर ऐकू येत होती. गुरुदास तिच्या शेजारी बसून बटणं फिरवत राहिला. बिघाड इकडच्या संचात नाही, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं.

सकाळी शेजारच्या आचऱ्याच्या होडीने धोंडूला उचलून आणलं. तो रिकाम्या पिंपाला धरून तरंगत होता. बाबलीचा पत्ता लागला नाही, पुढेही कधी लागला नाही.

"दुपारीच आभाळ काळा झाला होता," धोंडू घोंगडीत बसून सांगत होता. "मी म्हटलंय, मागे फिरूया. बाबली म्हणालो, वायरलेस आसा, घाबरतस कित्याक? मगे होडयेचा मशीन बंद पडला. तो वायरलेसचा बटण दाबीतच होतो. दाबीतच होतो."

बाराव्यानंतर गुरुदासने नर्मदेला मागच्या पडवीत गाठलं आणि पट्ट्यांचं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

"तुका ठावक होता?"

"होय."

"आणि तू आमका सांगूक नाय."

"माका ती जागा होयी होती, ताई."

तिने हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "माका एकटेक सांगान काय उपयोग? वाडयेत सांग. सगळ्यांका."

त्याच संध्याकाळी देवळासमोर त्याने सगळ्यांना सांगितलं. कुणी अंगावर आलं नाही. बाबलीची आई, जानकी, शेवटपर्यंत ऐकत बसली. मग पदर सावरून उठली आणि त्याच्याकडे न बघता घरी गेली. तिच्यामागून एकेक जण उठला.

पुण्यात परचुरेसाहेबांसमोरही त्याने तेच सांगितलं. संच असला की माणूस लांब जातो, उशिरा फिरतो. म्हणून तो बंद पडणार असेल, तर नसलेलाच बरा. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मला एकाही इंजिनीयरने सांगितलं नाही," ते म्हणाले. "सोमवारपासून वरच्या खोलीत बसा."

नाही म्हणायचं, असं ठरवून तो आला होता. पण तो नाही म्हणाला, तर संच तसाच विकला जाणार, हेही त्याला दिसत होतं. ते कारण खरं होतं. ती जागा त्याला अजूनही हवी होती, हेही खरं होतं. त्याने होकार दिला.

त्या वर्षीची विक्री त्याने थांबवायला लावली. पुढच्या वर्षी रबराचं झाकण असलेले संच निघाले, आणि रत्नागिरीपर्यंत खपले. तोंडवलीत एकही गेला नाही. नर्मदा रक्षाबंधनाला त्याला राखी पाठवत राहिली, पण ती माहेरी असताना तो आला की आतल्या खोलीत जायची.