वकीलसाहेबांचे हातमोजे

ताराने दोन्ही हातमोजे काढून बाकावर ठेवले तेव्हा ड्रिल फिरतच होतं.

“कोणी सांगितलं काढायला?” मोरोपंतांनी विचारलं.

त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीने, ताराने, नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजी कापसाच्या जिनिंग कारखान्यातले फिटर. मोटर आणि ड्रिल यांच्यामधला पट्टा बसवायला ते आले होते. काम संपलं होतं, आता त्यांनी जावं असं मोरोपंतांना वाटत होतं.

मोरोपंत वकील. जठारपेठेतल्या घरामागच्या शेडमध्ये हौसेने लोखंडकाम करणारा अकोल्यातला एकमेव वकील आपणच, असं ते सांगत. मुलांना यंत्रं सुरक्षितपणे कशी हाताळू द्यावीत याचे अकरा नियम त्यांनी एका इंग्रजी पुस्तकातून उतरवून भिंतीवर लावले होते. पुस्तकातला हातमोज्यांचा भाग भट्टीतल्या तापल्या लोखंडाबद्दल होता. मोरोपंतांनी तो सगळ्याच कामांना लावला. आज हेडमास्तर उत्तमराव पाहणीला आले होते. त्यांनी होकार दिला की पुढच्या रविवारपासून शाळेतली आठ मुलं इथे शिकायला येणार होती.

“मीच सांगतलं, वकीलसाहेब,” नत्थुजी म्हणाले. “फिरत्या ड्रिलपाशी मोजे नाई पायजेत. मोजा गुतला का हात बी संगं जाते.”

“तुला बोटं किती रे?”

“साडेनऊ.”

उत्तमराव हसले. साडेनऊ बोटांच्या माणसाने दहा बोटं सांभाळायला शिकवावं, हे आमच्या वऱ्हाडातच चालतं, असं मोरोपंत त्यांना म्हणाले.

“अर्धं मोज्यातच गेलं, साहेब.”

नत्थुजींनी हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. तारा त्यांच्या अर्ध्या बोटाकडे बघत राहिली. तो सुताचा फाटका मोजा असणार, मोरोपंतांनी निकाल दिला. हे मुंबईहून मागवलेलं कातडं आहे. ताराला कोपरापर्यंत येणारे ते मोजे त्यांनी स्वतःच्या हातांत चढवले आणि शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलेल्या पट्टीवर ड्रिल खाली आणलं. पट्टीवर लोखंडाचा कीस जमला. तो बाजूला करायला त्यांनी बोट पुढे केलं.

मोज्याचं टोक ड्रिलभोवती गुंडाळलं गेलं. मोरोपंत ओरडलेही नाहीत. फक्त हाताच्या मागे ओढले जाऊ लागले. नत्थुजींनी कोपऱ्यातला लाकडी दांडा उचलून पट्टा चाकावरून उडवला. ड्रिल थांबलं. अंगठा मुरगळला होता, कातडी सोलली होती. बाकी हात शाबूत होता.

उत्तमरावांनी पाणी आणायला सांगितलं. मोरोपंत पाणी प्यायले, कपाळ पुसून पहिलं वाक्य बोलले ते असं:

“पट्टा चुकीचा बसवलास तू. हिसका बसला तो त्यामुळे.”

नत्थुजींनी दांडा परत कोपऱ्यात ठेवला. मग त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली.

“बरं,” ते म्हणाले आणि निघून गेले.

असल्या माणसांना मुलांपासून लांबच ठेवलेलं बरं, यावर दोघांचं एकमत झालं. उत्तमरावांनी तिथेच होकार दिला. मोरोपंतांनी त्याच संध्याकाळी मोज्यांचे आणखी आठ जोड मागवायला पत्र टाकलं.

पुढच्या रविवारी आठ मुलं बाकासमोर रांगेत उभी राहिली. मोरोपंतांनी अकरा नियम वाचून दाखवले. नवे मोजे पोचायचे होते म्हणून शिवून घेतलेले जुनेच ताराच्या हातांत चढवून पहिला मान तिला दिला आणि त्यांनी बटण दाबलं. मोटर फिरली. ड्रिल जागचं हललं नाही.

“पट्टा कुठे गेला?”

“नत्थुजींकडे आहे,” तारा म्हणाली. “सकाळी मीच नेऊन दिला.”

“कोणाला विचारून?”

“चुकीचा बसवला होता असं तुम्हीच म्हणालात ना, बाबा. ज्यानं बसवला त्यालाच दाखवायला नको?”

रांगेतलं एक पोर खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मोरोपंतांनी मोटर बंद केली. ताराच्या चेहऱ्यावर उद्धटपणा शोधूनही सापडेना.

“मग? काय म्हणाला तो?”

“म्हणाले, ‘पट्ट्यात खोट नाई. वकीलसाहेबाले सोता येऊ दे, पोराइसमोर बसवून देतो.’”

नत्थुजी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहत. मुलं मोरोपंतांकडे पाहत होती. कोणी कशालाही हात लावायचा नाही, एवढं बजावून मोरोपंतांनी सायकल बाहेर काढली.