हर्णैची लाट आणि गारखेड्याचा कप

आमच्या कडूबाची एक खोड मला आजवर सहन झालेली नाही. त्याला कितीही बोला, तो उलट बोलत नाही. माणसानं दोन शब्द परत फेकावेत, म्हणजे भांडणाला चव येते. हा नुसता मान खाली घालून "व्हय वैनी" म्हणतो आणि सांगितलेलं करून मोकळा होतो. अडतीस वर्षांचा झाला, गुलमंडीवर स्वतःचं फोटोचं दुकान आहे, तरी तेच.

पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी ह्या घरात नवरी होऊन आले. सासूबाई आधीच गेलेल्या. हा माझा धाकटा दीर चार वर्षांचा, नाक वाहत दारात उभा होता. पहिलं काम मी त्याचं नाक पुसायचं केलं, आणि तेव्हापासून मी बोलते, तो ऐकतो.

त्यानं स्वतःच्या मनानं एकच गोष्ट केली, ती त्या उन्हाळ्यात. त्याच्या दुकानात फोटो काढायला मागं एक पडदा आहे. त्यावर रंगवलेला समुद्र आणि एक होडी. गंगापूर-पैठणची नवी जोडपी त्या समुद्रापुढं ताठ उभी राहतात. एकदा बँकेत बदली होऊन आलेला कोकणातला एक साहेब पडदा बघून हसला. म्हणाला, "अहो, तुमच्या लाटा किनाऱ्याकडं येतच नाहीत, उलट पळून चालल्यात."

झालं. कडूबाच्या डोक्यात ते बसलं. मे महिना संपत आलेला, लग्नांची गर्दी, आणि हा म्हणतो, समुद्र बघायला जायचंय.

"ऐन लग्नसराईत दुकानाला कुलूप लावतोस?" मी म्हणाले.

"व्हय वैनी."

"लोक काय म्हणतील?"

"तुमीबी चला."

हे काय उत्तर झालं? पण गेले. मी, कडूबा, त्याची बायको दगडाबाई आणि त्याचा दोस्त फकिरा. फकिरा आमच्या गारखेड्याच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. त्याला विचारलं, तुझं समुद्रापाशी काय काम? तर म्हणाला, "काकू, जिंदगीभर वरातीला ऐकवलं, एक डाव समुंदरला ऐकवतो."

दीड दिवस एसटीत हाडं खिळखिळी करून कोकणात हर्णैला पोचलो. आम्ही हर्सूलच्या तलावापलीकडं पाणी न बघितलेली माणसं. मी म्हणाले, एवढं पाणी आणि घोटभर पिता येत नाही, असली श्रीमंती काय चाटायची? पण तोंडानं बोलत होते तेवढंच. पायाखालची वाळू सरकली तेव्हा पोटात गुदगुल्या झाल्या, ते कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर फकिरानं क्लॅरनेट काढली. त्याची वाजवायची तऱ्हा अशी, की खुर्चीतल्या म्हाताऱ्याचा पाय हलावा. दगडाबाईनं माझे हात धरले. "बाई, चला, फुगडी."

मालकांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आमच्यात विधवा बाई फुगडी खेळत नाही. पंचमीला मी दाराच्या आत बसायची आणि अंगणातल्या पोरींच्या फुगड्या नुसत्या मोजायची. पण हर्णैला कोण ओळखतं? मी पदर खोचला. गुडघाभर पाण्यात आम्ही दोघी अशा फिरलो की कोळणी जाळी सोडून बघत राहिल्या. शेवटी दगडाबाई लाटेत घसरली. मी हसत हसत हात लांब केला, तिचं मनगट धरून तिला वर ओढली, आणि तेवढ्यात कडूबाचा कॅमेरा वाजला.

"हा फोटो कुणाला दावलास तर माझ्या घरात पाय ठिवू नको," मी म्हणाले.

"व्हय वैनी."

रोल तिथंच संपला. आता कडूबाची सवय सांगते. वापरलेला रोल बाहेर काढला की त्याची एक पट्टी, जीभ म्हणतो तो तिला, डबीच्या बाहेर राहते. ती तो दातानं टचकन फाडतो. फाटकी जीभ म्हणजे वापरलेला रोल, साबूत जीभ म्हणजे कोरा. लिहायची भानगड नाही. त्या दिवशी त्यानं जीभ तोंडात घातली आणि माझं डोकं फिरलं. हाताला वाळू, मासळीचा वास.

"थुंक आधी ते! लहान हाईस का? दिसंल ते तोंडात घालतोस!"

त्यानं जीभ थुंकली आणि रोल तसाच पिशवीत टाकला.

परत आलो आणि आठ दिवसांनी कबड्डीची फायनल होती. गारखेड्यातलं ते मैदान म्हणजे आमचंच रान. मालकांनी ते पोरांना खेळायला दिलं. स्वतः रोज संध्याकाळी मेरेवर, रानाच्या बांधावर, बसून ओरडायचे. कबड्डी मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, हार घातलेला. गंगापूरच्या संघानं अकरा वर्षं कप नेला होता. मालक ती हळहळ घेऊनच गेले.

त्या दिवशी शेवटची चढाई आमच्या संघातल्या सांडूची. गुण बरोबरीत. गंगापूरच्या चौघांनी त्याला धरला, धूळ उठली, काही दिसेना. नुसता "कबड्डी कबड्डी" आवाज येतोय. आणि त्या ढिगाखालून सांडूचा एक हात निघाला, आणि मधल्या रेषेवर पडला. मी केवढ्यानं ओरडले ते मला नंतर साळूबाईनं सांगितलं. आमच्या शेजारणीला असलं सगळं ध्यानात राहतं.

मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब तिथंच म्हणाले, "कडूबा, हाताचा फोटो मिळाला ना?"

"मिळाला."

"मग शनिवारी बँड लावून, मालकांच्या शेजारी चढवू. चौकट मी आणतो."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. कडूबा घरी जेवेना. शनिवारी दुपारी मी गुलमंडी गाठली. दुकानाचं दार लोटलेलं. आतल्या अंधारखोलीत लाल दिवा, आणि हा स्टुलावर बसलेला.

"काय केलंस?"

"रोल चुकला, वैनी. समुद्राचाच रोल परत घातला. एकावर एक उठलंय समदं. माझीच चूक हाय."

छत्तीस फोटो, छत्तीस खिचड्या. कुठं होडीत पंच बसलाय, कुठं फकिराच्या डोक्यावर कप. एकच फोटो निभावून गेला होता, तो चिमट्याला लटकत होता. धुळीत चार गडी, त्यांच्याखाली सांडू, रेषेकडं निघालेला त्याचा हात. आणि त्या सगळ्यावर लाट, आणि लाटेत मी. दगडाबाई धुळीत पार विरून गेलेली. माझा हात बरोबर सांडूच्या मनगटावर. पदर खोचलेला, दात दिसतायत, आणि मी त्या पोराला रेषेपार ओढून काढतेय.

"जाळ," मी म्हणाले.

"व्हय वैनी." त्यानं फोटो उतरवला. काडेपेटी हातात घेतली. मग एवढंच म्हणाला, "संध्याकाळी सांगतो त्यांना, फोटो आलाच नाय म्हून."

अकरा वर्षांनी आलेल्या कपाचा फोटो नाही, हे गारखेड्यात सांगायचं म्हणजे ह्या माणसानं पुन्हा कुणाचा फोटो काढायला उभं राहायचं नाही. त्याला ते ठाऊक होतं. तरी काडी ओढायला निघाला होता.

मला एकदम आठवलं. "थांब. रोल दाव."

"कशाला?"

"दाव म्हणते ना."

मॅचनंतर रोल सरळ धुवायलाच घेतलेला, फिल्म कधीच धुवून झाली होती, पण आधी कात्रीनं कापलेला टोकाचा तुकडा टेबलावर पडला होता. जीभ साबूत. दाताची खूणसुद्धा नाही. मी थुंकायला लावली होती, ह्यानं थुंकली. आणि तीन दिवस उपाशी बसून "माझीच चूक" म्हणत होता. माझ्या ओरडण्याचं नाव नाही.

मी त्याच्या हातून काडेपेटी घेतली आणि फोटो लाल दिव्याजवळ धरला. मी हसताना कशी दिसते हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. बरी दिसते. सांडूचा बाप खेळायचा तेव्हा मालक मेरेवरून त्याच्यावर असंच ओरडायचे, "अरं हात लांब कर, हात!" त्यांना रेषेपार कुणाला ओढता आलं नाही. मला आलं, मग ते लपवायचं कशाला?

"उठ," मी म्हणाले. "मोठा करून दे. चौकटीच्या मापाचा."

संध्याकाळी फकिराचा बँड मैदानात उभा राहिला. सूर्य मावळायला आला होता. हर्णैला वाजवलेलंच त्यानं लावलं, लबाड कुठला. नानासाहेबांनी चौकटीवरचं कापड ओढलं. मग सांडू पुढं आला, फोटोला नाक लावून बघितलं आणि ओरडला, "आयला! सात गडी आन् आठव्या काकू!" पोरांनी टोप्या उडवल्या. क्लॅरनेट वर चढली.

साळूबाई माझ्या कानाशी आली. "वच्छलाबाई, ह्या वयात पदर खोचून? आन् मालक गेल्यावर?"

"व्हय," मी म्हणाले. "फुगडी खेळले, समुद्रात. तुला जमणार नाय, तुझे गुडघे गेल्यात."

मग मी खोलीत शिरले. कडूबा खुर्चीवर चढून खिळ्याला चौकट अडकवत होता. मालकांच्या अगदी शेजारी. नानासाहेबांनी सवयीनं त्याच्या हातात एक हार दिलेला. सगळे ऐकायला उभे होतेच. म्हणून मी मोठ्यानंच बोलले.

"कडूबा, तो हार खाली ठिव, मी जित्ती हाय अजून. फोटो जरा डावीकडं घे, मालकांना नीट दिसू दे. आन् समद्यांसमोर सांगते, रोल माझ्यामुळं चुकला, तुझ्यामुळं नाय. पुढच्या उन्हाळ्यात परत समुद्राला जायचं. तिथं मी कितीबी वरडले, तरी ती जीभ दातानं फाडायची म्हंजी फाडायची. आन् आता 'व्हय वैनी' म्हणलास ना, तर खुर्चीवरनं खाली ओढीन!"