साहेबांना कुर्ली करणारा डबा

मी तुपाचा डबा बोलतोय. आत तूप मात्र शोधू नका. ते एका लग्नाच्या लाडवांत केव्हाच गेलं. आता माझ्या पोटात चिंचोके आहेत, त्यामुळे मी तोंड उघडायच्या आधीच माझा आवाज येतो.

ते चिंचोके भरले विमलाबाईंनी. मालवणजवळच्या आमच्या शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. त्यांच्या वर्गात जोहरा होती, मासे विकणाऱ्या नुरुद्दीनची लेक. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. फळ्यावरचं काही कळेना, म्हणून ती कोपऱ्यात बसून वेणी सोडायची आणि पुन्हा घालायची.

हेडमास्तर एकदा म्हणाले, "बाई, हिला घरीच बसू दे. तपासणीला साहेब आले की नाव कमी करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला वर्गात आणलं, जमिनीवर आडवं घातलं आणि ढकललं.

मी ज्याच्या पायाला लागेन त्यानं उत्तर द्यायचं, आणि तेही जोहराला हातानं किंवा कानानं कळेल असं. झालं! पाढे टाळ्यांवर आले, नद्या वाळूत वाहिल्या, भरती-ओहोटीत पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मी कुठून येतोय हे जोहराला सगळ्यांआधी कळायचं. झडप घालून ती मला पकडायची. मग पुढचा प्रश्न तिचा. पोरं टरकून असायची!

१९८४च्या हिवाळ्यात साहेब आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट. "हा काय गोंधळ?" ते गरजले. हेडमास्तरांना घाम फुटला. नेमकं तेव्हाच जोहरानं मला ढकललं होतं, आणि मला थांबता येत नाही. गडगडत गेलो तो थेट साहेबांच्या बुटाला!

"साहेब, तुमचो नंबर इलो!" पोरं ओरडली.

जोहरानं विचारलं, "कुर्ली कशी चालता?"

"आडवी," साहेब म्हणाले.

"तोंडान नको. चलान दाखवा. माका हात लावून बघूचा आसा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग चष्मा खिशात घातला, उकिडवे बसले आणि हातांच्या खेकड्यासारख्या नांग्या केल्या. जोहरानं त्यांचे खांदे धरले. निघाली कुर्ली! आडवी, भरधाव, आणि चष्म्याशिवाय. थेट पाण्याच्या घागरीवर!

इस्त्री गेली. हेडमास्तरांनी डोळे मिटले.

जोहरा शांतपणे म्हणाली, "बाई, कुर्ली पाण्यात गेली."

सगळ्यांत आधी साहेबच हसले. पँट पिळत ते हेडमास्तरांना म्हणाले, "हिचं नाव कमी करायचं नाही. आणि बाकीच्या वर्गांनाही डबे आणा."

आता पुढचा जून आलाय. मी गंजलोय, पोचे पडलेत. तरी बाईंनी मला जोहराला देऊन टाकलं, आणि आज मी एसटीत तिच्या मांडीवर बसलोय. ती पाचवीला मोठ्या शाळेत चाललीय, पहिलाच दिवस आहे. शेजारी अब्बा आहेत. प्रत्येक खड्ड्याला मी खडखडतो.

कंडक्टर वैतागला. "त्या डब्याक गप कर गो!"

"तो गप रवाचो नाय," जोहरा म्हणाली. "थंयच्या नव्या बाईंका अजून शिकवूचा आसा."